पावमास्तरांची बदली

पावमास्तरांचा खोकला आठवड्याचे सहा दिवस कामावर असायचा आणि रविवारी सुट्टी घ्यायचा. हे सगळ्यात आधी त्यांच्या बायकोच्या लक्षात आलं. ती पोस्टात होती. काय कोणत्या वारी येतं आणि काय येत नाही, हे बघण्यातच तिची सगळी नोकरी गेली होती.

त्यांना सगळे पावमास्तर म्हणायचे आणि तिला पोस्टबाई. चौकाच्या या अंगाला त्यांची भट्टी, त्या अंगाला तिचं छोटंसं पोस्ट. ते पहाटे कामाला जायचे, ती सकाळी. संध्याकाळी ती घरी येईपर्यंत त्यांच्या डोळ्यांवर झोप यायला लागलेली असायची. "आमची भांडणं होत नाहीत, कारण दोघांना एकदम जागं राहायला सवडच नसते," असं पावमास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे. रविवार मात्र दोघांचा. चर्चमध्ये खिडकीजवळच्या बाकावर शेजारी शेजारी बसायचं, एकाच पुस्तकातून गायचं. ती शब्द सांभाळायची, ते सूर. त्यांचा आवाज खर्जातला, भरदार. आणि रविवारी त्या आवाजात जराही खरखर नसायची. सोमवारी सकाळी मात्र चौक ओलांडून पोस्टाच्या खिडकीपर्यंत ऐकू जाईल असा खोकला.

"तुमचा खोकला फार भाविक आहे हो," ती एकदा म्हणाली. "उपासनेच्या वेळी कसा शहाण्यासारखा गप्प बसतो."

"थंडीचा आहे."

"थंडी काय सोमवारपासून शनिवारपर्यंतच पडते?"

यावर पावमास्तरांनी कूस बदलली. अडचणीचा प्रश्न आला की कूस बदलायची, ही त्यांची जुनी सवय.

एका मंगळवारी मात्र कूस बदलून भागलं नाही. लांब दांड्याच्या फळीवर ताजे पाव घेऊन ते भट्टीतून बाहेर काढत होते, तेवढ्यात अशी उबळ आली की फळी कलंडली आणि बारा पाव जमिनीवर घरंगळले. आधाराला म्हणून ते ज्यावर बसले ते पिठाचं पोतं होतं. श्वास आणखीच कोंडला. चौदा वर्षं त्यांच्या हाताखाली काम करणारी मावशी पिठाच्या हातांनीच चौक ओलांडून धावली आणि पोस्टाच्या रांगेतून पुढे घुसून म्हणाली, "बाई, तो शिक्का ठेवा खाली आणि चला."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका नळीत फुंकायला लावलं. मग दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ फुंकायला सांगून आकडे वहीत लिहायला लावले, मधले चार दिवस भट्टी बंद ठेवायला सांगितली. वही बघून त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या छातीला पिठाचं वावडं आहे."

"पिठाचं? अहो, मी पिठात लहानाचा मोठा झालो!"

"म्हणूनच. इतकी वर्षं पिठाची धूळ श्वासाबरोबर आत गेली. आता छाती म्हणतेय, पुरे झालं."

"औषध द्या. कडू असलं तरी चालेल."

"औषध देतेच. पण खरं औषध म्हणजे पिठापासून लांब राहायचं. महिनाभर नाही, कायमचं."

पावमास्तर हसले. समोरचा चेष्टा करतोय असं समजून माणूस हसतो तसे. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. तेव्हा त्यांनी बायकोकडे बघितलं. पोस्टबाईनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "काही काळजी करू नका. मी आहे ना."

इथूनच सगळ्या घोटाळ्याला सुरुवात झाली.

पोस्टबाई म्हणजे अडचण दिसली की बाह्या सरसावणारी बाई. पार्सल फाटलं असेल तर ती सुतळी आणि सुई घेऊन बसायची. घरी पोचेपर्यंत तिचं ठरलंसुद्धा. भट्टी सासऱ्यांनी उभी केलेली. चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर तिथूनच जायची. नवऱ्याचं नावसुद्धा त्या भट्टीनं ठेवलेलं. ती बंद पडली तर मागे माणूस काय उरणार? साठवलेली रजा भरपूर होती. ती तीन महिन्यांची रजा टाकणार, पीठ मळायला स्वतः उभी राहणार आणि पावमास्तर बाहेर, खिडकीपलीकडे बसून तिला शिकवणार. तोवर छाती बरी होईल, आणि ते परत आत येतील. डॉक्टरीणबाईंच्या 'कायमचं' या शब्दावर तिनं मनातल्या मनात 'पत्ता अपुरा' असा शेरा मारला होता.

संध्याकाळी जेवणानंतर दोघं रोज प्रार्थना करायची. त्या दिवशी तिनं डोळे मिटून देवबापाला सगळं नीट क्रमानं सांगितलं. एक, यांची छाती बरी कर. दोन, भट्टी सुरू ठेव. तीन, मला पीठ मळता येऊ दे. चार, हे सगळं तीन महिन्यांत होऊ दे, कारण रजा तेवढीच आहे.

"आमेन," पावमास्तर म्हणाले. मग एक डोळा उघडून, "तू प्रार्थना नेहमी रजिस्टर पोस्टानं पाठवतेस. पोचपावतीसकट."

"मग गहाळ होत नाही."

मुलगी परगावी शिकत होती. तिला फोनवर बेत सांगितला तेव्हा ती म्हणाली, "आई, तू एकदा केक केला होतास, आठवतंय? बाबांनी तो दाराला टेकू म्हणून लावला होता."

"लावला असेल. दार चांगलं उघडं राहिलं ना?"

पुढचे दोन महिने चौकातल्या लोकांची फुकटात करमणूक झाली. भट्टीच्या बाजूच्या गल्लीत एक उपडं खोकं, त्यावर तोंडाला मास्क बांधून पावमास्तर. काचेची खिडकी बंद, त्यामुळे दोघांनाही ओरडून बोलावं लागायचं.

"थापट! कुरवाळतेस काय? ते पीठ आहे, मांजर नाही!"

"थापटतेच आहे!"

"मला ऐकू येत नाही! चांगलं मळलेलं पीठ फळीवर आपटलं की आवाज येतो. तुझं पीठ उसासे टाकतंय!"

जाणारे येणारे थांबायचे. कोणी खिडकीच्या आतल्या बाजूची पैज लावायचं, कोणी बाहेरच्या. पोस्टबाईच्या केसांत पीठ, भुवयांवर पीठ, कानात पीठ. तिच्या पहिल्या घाण्याचे पाव मावशीनं बोटानं टकटक करून बघितले आणि "या," असं म्हणाली. कोणी दार वाजवतंय असं तिला वाटलं की काय, हे तिनं सांगितलं नाही.

पण मंडळी निष्ठावान. चर्चमधल्या सगळ्या बायका ओळीनं यायच्या आणि पाव घेऊन जायच्या. एक आजी म्हणायच्या, "मला दात नाहीत तेच बरं, दुखायला काही नाही." पाळकसाहेबांना रविवारी तिनं मुद्दाम विचारलं, कसा होता पाव? ते सत्यवचनी माणूस. बराच विचार करून ते म्हणाले, "बराच वेळ टिकतो."

"तोंडात," पाळकसाहेबांच्या बायको म्हणाल्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली ती पोस्टबाईच.

हसली खरी, पण थकलीही होती. पहाटे उठून खांदे भरून यायचे. मावशीच्या कामात आपण सारखे अडमडतो, हे तिला कळत होतं. मावशी काही बोलत नव्हती, फक्त डबे जरा जोरात ठेवत होती. आणि पावमास्तर दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. खोक्यावरून ओरडणं कमी झालं. नंतर नंतर ते नुसतेच बसायचे, रस्त्यानं जाणाऱ्यांना हात करायचे. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे खोकला जात नव्हता. उलट आता तो घरीही यायला लागला होता. रविवारीसुद्धा. एका रविवारी गाणं चालू असताना त्यांना मध्येच थांबावं लागलं. पुढची दोन कडवी ते ओठ हलवत उभे राहिले.

डॉक्टरीणबाईंनी परत वही मागितली. आकडे घसरले होते.

"मास्तर, तुम्ही लपूनछपून भट्टीवर जाता का?"

"देवाशप्पथ नाही! गल्लीत बसतो. खिडकी बंद असते, वर मास्क."

डॉक्टरीणबाईंची नजर फिरत फिरत पोस्टबाईच्या स्वेटरवर येऊन थांबली. बाहीच्या विणीत पांढरी धूळ होती. "आणि तुम्ही रोज हेच कपडे घालून घरी जाता?"

पोस्टबाईनं खाली बघितलं. बाही झटकायला हात उचलला आणि तसाच धरून ठेवला, कारण झटकली असती तर धूळ उडाली असती. दोन महिने ती रोज दुपारी घरी येऊन त्यांच्या शेजारी बसायची, त्यांच्या उशीवर डोकं टेकून त्यांना धीर द्यायची. भट्टीत जायला त्यांना बंदी होती, म्हणून भट्टीच त्यांच्याकडे चालत येत होती.

परतताना ती त्यांच्यापासून चार हात लांब चालत राहिली. पावमास्तर जवळ आले की ती आणखी बाजूला सरकायची. शेवटी ते म्हणाले, "अगं, रस्ता संपेल. गटारात पडशील."

"माझ्यामुळे झालं."

"पिठामुळे झालं."

"पीठ मी आणलं!"

यावर त्यांनी कूस बदलली नाही. चालता चालता कूस बदलता येत नाही, हे एक बरं.

दुसऱ्या दिवशी ती भट्टीवर गेली आणि कोपऱ्यात नुसती उभी राहिली. मावशीनं पीठ मळून हातावेगळं केलं, वर ओलं फडकं टाकलं आणि हात पुसत तिच्यासमोर येऊन बसली.

"एक बोलू का, बाई? राग मानू नका."

"बोला."

"बसमध्ये माणूस चढायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी तुम्ही मास्तरांची जागा धरून बसलाय. दोन महिने उभ्यानं धरून ठेवलीत, शाब्बास तुमची. पण मास्तरांना त्या बसनं जायचंच नाहीये. त्यांना आता जाताच येणार नाही. तुम्ही रुमाल उचला. तुम्हालाही बसता येईल आणि मलाही जरा हलता येईल."

पोस्टबाई रडेल असं मावशीला वाटलं होतं. ती म्हणाली, "माझे पाव खरंच इतके वाईट आहेत?"

"दगडाला नावं ठेवू नये," मावशी म्हणाली. मग दोघी हसल्या. हसता हसता पोस्टबाईला रडू आलं, आणि मावशीनं तिला पिठाचं फडकं सोडून स्वतःचा स्वच्छ रुमाल दिला.

त्या दुपारी चर्चमधले बाक पुसायची तिची पाळी होती. आत कोणी नव्हतं. तीन ओळी पुसून झाल्यावर ती खिडकीजवळच्या आपल्या जागेवर बसली. रोज ती देवाला यादी द्यायची. आज यादीच नव्हती. ओलं फडकं हातात धरून ती मोठ्यानं म्हणाली, कारण ऐकायला दुसरं कोणी नव्हतं, "प्रभू, मी यांना सांभाळते असं सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे मी माझी भीती सांभाळत होते. भट्टी नसली तर हे कोण असतील, हे मला माहीत नाही. तुला माहीत असेल. मी त्यांना अजून विचारलंसुद्धा नाही." आणि मग तिला स्वतःचंच शेवटचं वाक्य नीट ऐकू आलं. तिनं उरलेले बाक भराभर पुसले, घरी गेली, दारातच स्वेटर बदलला, तोंड धुतलं, केस धुतले, आणि ओल्या केसांनीच नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"अहो, तुम्हाला काय हवंय?"

"चहा चालेल."

"चहा नाही. एकूण. पुढे."

पावमास्तरांनी तिच्याकडे बघितलं. "हे विचारायला तू दोन महिने लावलेस."

"पत्र उशिरा आलं म्हणून फेकून देतात का? वाचा ना."

ते हसले, पण मग त्यांचा चेहरा बदलला. टेबलावरचा चमचा ते उलटासुलटा करत राहिले. "सांगू? डॉक्टरीणबाई 'कायमचं' म्हणाल्या ना, तेव्हा माझ्या छातीवरनं आधी ओझंच उतरलं. क्षणभरच. सव्वीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभा आहे मी. बाबांनी उभं केलं, मी उभा राहिलो. मला ते आवडत नव्हतं असं नाही. पण मला हलकं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. प्रभूच्या मेजावरची भाकर माझ्या हातची होती. देवानं दिलेलं काम होतं ते. आणि ते गेलं तर मला हलकं वाटतं? मला वाटलं, म्हणूनच त्यानं मला कामावरून काढलं."

पोस्टबाईच्या तोंडाशी दहा उत्तरं आली होती. तिनं ती गिळली आणि एकच ठेवलं. "काढलं नसेल. बदली केली असेल."

"बदलीच्या हुकमात गावाचं नाव असतं. यात काहीच लिहिलेलं नाही."

"आमच्याकडेही कधी कधी असं होतं. आधी नुसतं कळवतात की बदली आहे. गाव मागनं येतं. तोवर माणूस सामान बांधतो, शेजाऱ्यांकडे जेवतो, वाट बघतो." तिनं त्यांच्या हातातला चमचा काढून घेतला. "वाट बघू. मी बसते बरोबर. या वेळी नुसती बसते."

त्या संध्याकाळी प्रार्थना पावमास्तरांनी केली. दोन वाक्यांचीच होती. आभार मानले, आणि म्हणाले, आम्ही इथे आहोत. तिनं त्यात काही जोडलं नाही. जिभेच्या टोकावर निदान तीन मुद्दे होते, तरी जोडलं नाही.

महिनाअखेर भट्टी मावशीनं चालवायला घेतली. किल्ली देताना पावमास्तरांनी ती दोनदा सदऱ्याला पुसली, पण मावशीनं किल्ली घेतल्या घेतल्या "भट्टीचं दार करकरतंय, कधीपासून सांगतेय," असं म्हणून विषय बदलला. पहिल्या रविवारी तिची भाकर प्रभुभोजनाला आली. पावमास्तरांनी ती घेतली, खाल्ली, आणि बराच वेळ मान खाली घालून बसले. बाहेर आल्यावर ते मावशीला म्हणाले, "मीठ कणभर कमी टाकतेस तू. माझ्यापेक्षा बरी होते."

पोस्टबाई पोस्टात परतली आणि पावमास्तर घरी राहिले. हे सोपं नव्हतं. पहाटे चारला जाग यायचीच. मग ते घरातल्या प्रत्येक बिजागरीला तेलपाणी करायचे. घरातल्या संपल्या तेव्हा शेजाऱ्यांच्या. स्वयंपाक त्यांनी हाती घेतला आणि चाळीस माणसांच्या अंदाजानं केला. एकदा रश्शाच्या पातेल्याचं झाकण लागेना म्हणून त्यावर परात ठेवली. काही दिवस वाईटही गेले. अशा दिवशी ती घरी यायची तेव्हा ते खिडकीशी बसलेले असायचे आणि "आज काय केलंत?" हा साधा प्रश्नसुद्धा त्यांना टोचायचा. एकदा ते तिच्यावर खेकसलेही. ती स्वयंपाकघरात गेली, भांडी जरा जोरात घासली, आणि परत येऊन शेजारी बसली. थोड्या वेळानं त्यांनी तिच्या ओल्या हातावर हात ठेवला.

ती काही संत नव्हती. पोस्टाच्या फळ्यावर, वर्तमानपत्रात, कुठेही 'पाहिजे' अशी जाहिरात दिसली की तिची कात्री शिवशिवायची. पहारेकरी पाहिजे. पुस्तकं बांधणारा पाहिजे. तिनं सात जाहिराती कापल्या आणि पर्समध्ये ठेवल्या. सातही तिनं तशाच ठेवल्या. "प्रभू, माझ्या कात्रीला धार देऊ नकोस," अशी एक नवीनच प्रार्थना ती त्या दिवसांत करायची.

पावमास्तर सकाळी फिरायला लागले. आधी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून, मग आवडायला लागलं म्हणून. मंडळीतली दोन-तीन वयस्कर माणसं घरातून बाहेर पडू शकत नव्हती. त्यांच्याकडे डोकवायचं, त्यांचा दिवा बदलून द्यायचा, जरा बसून एखादं गाणं म्हणायचं. वहीतले आकडे चढत होते. कोणाचं कुत्रं भुंकतं, कोणाच्या फाटकाची कडी आतून कशी काढायची, कोणाला जोरात हाक मारावी लागते, हे ते संध्याकाळी जेवताना सांगत बसायचे. पोस्टबाई ऐकायची आणि मनात काही हिशेब करायला लागली की स्वतःच्या पायावर पाय द्यायची.

त्याच सुमारास पोस्टातल्या वाटपवाल्या काकांनी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लांबची रजा घेतली. बदली माणूस मोठ्या कार्यालयातून नेमून येणार होता. पोस्टबाईच्या हातात ते नव्हतं, आणि तिनं घरी विषयही काढला नाही. या एका गोष्टीचा तिला पुढे फार अभिमान वाटायचा.

एका सोमवारी सकाळी टपालाची थैली आली. तिनं नेहमीप्रमाणे गाठ सोडली, टेबलावर पत्रं ओतली आणि लावायला घेतली. एक लांब खाकी पाकीट मोठ्या कार्यालयाकडून होतं, तिच्याच नावे. आत एक कागद. खालील व्यक्तीची आपल्या कार्यालयात टपाल वाटपासाठी तात्पुरती नेमणूक करण्यात येत आहे. खालील व्यक्तीचं नाव तिनं एकदा वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. पत्ता तिच्याच घराचा होता.

रांगेतल्या पहिल्या माणसानं विचारलं, "बाई, वाईट बातमी आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "बदली झाली."

"तुमची?"

"माझ्या नवऱ्याची." आणि तिनं त्याच्या पाकिटावर तिकिटाऐवजी तिकिटाच्या बाजूला, मग टेबलावर आणि मग स्वतःच्या मनगटावर शिक्का मारला.

दुपारी ती घरी गेली तेव्हा पावमास्तर मुद्दाम पाठ करून बिजागरीला तेल घालत होते. चारही बिजागऱ्यांतून तेल ठिबकत होतं.

"मला सांगितलं का नाही?"

"काकांकडनं जागेचं कळलं आणि मी अर्ज टाकला. मिळालं नसतं तर तू पुन्हा रजा काढली असतीस."

"आणि परीक्षा? डॉक्टरचा दाखला?"

"फुंकलं त्यांच्याही नळीत. काटा पार वर गेला. साहेब म्हणाले, जरा हळू, एकच नळी आहे." ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावर बारीक भीती होती, शाळेच्या पहिल्या दिवसासारखी. "चालेल ना तुला? तू माझी साहेब होणार. लोक हसतील."

"लोक माझा पाव खाऊन जगलेत. त्यांना हसायचा हक्क आहे."

मग दोघांना तिथेच, तेलाच्या डब्याशेजारी उभं राहून प्रार्थना करावीशी वाटली. ती सुरुवातच करू शकली नाही, म्हणून त्यांनी केली.

पहिल्या दिवशी ते दोन मिनिटं उशिरा पोचले. पोस्टबाईनं घड्याळाकडे बघितलं. "उशीर झाला."

"बाईसाहेब, घरी चहा उशिरा मिळाला."

"घरच्या तक्रारी इथे घेत नाही. पुढची खिडकी."

रांग खो खो हसली. पण तिनं त्यांना पत्रं लावायला दाखवलं तेव्हा ती हळू बोलली, आणि चुकलं तरी एकदाही त्यांच्या हातातून गठ्ठा ओढून घेतला नाही. ते चुकलेच. पहिल्या आठवड्यात त्यांनी दोन शेजाऱ्यांची पत्रं अदलाबदल केली. त्या शेजाऱ्यांत सहा वर्षं अबोला होता. पत्रं परत द्यायला त्यांना एकमेकांचं दार ठोठवावं लागलं. त्यांचं पुढे काय झालं ते त्यांनाच माहीत, पण तक्रार दोघांपैकी एकाचीही आली नाही.

वाटपाला मात्र भयंकर वेळ लागायचा. सव्वीस वर्षं ज्यांनी त्यांचा पाव खाल्ला ते सगळे त्यांना दारातून सोडायला तयार नव्हते. काकांची फेरी दोन वाजता संपायची, पावमास्तरांची चार वाजता. पोस्टबाईनं त्यांना साहेब म्हणून झापलं. मग बायको म्हणून त्यांचे पाय गरम पाण्यात ठेवले. वाटपवाले काका गुडघा घेऊन परत आले, पण त्यांना चढाची बाजू नको होती. मोठ्या कार्यालयानं फेरीचे दोन भाग केले आणि चढाची बाजू पावमास्तरांच्या नावावर कायम झाली.

त्यानंतरच्या एका शनिवारी टपाल दुप्पट आलं. पोस्ट दुपारी बंद करून पोस्टबाई म्हणाली, "दुसरी थैली मी घेते. चला."

चढ मोठा होता. अर्ध्यावर तिचा श्वास फुलला. ते पुढे होते, थैली पाठीवर, काही तरी गुणगुणत. वळणावर थांबून त्यांनी मागे बघितलं आणि खाली येऊन तिची थैलीही आपल्या खांद्यावर टाकली.

"राहू द्या हो," ती धापा टाकत म्हणाली. "मी मदत करायला आलेय."

"कर ना. पत्ते वाच. माझा चष्मा घरी राहिला."

ती कठड्याला टेकून उभी राहिली. खाली चौक दिसत होता, भट्टीचा धूर दिसत होता. तिनं वरचं पाकीट घेतलं आणि नाव वाचलं. पावमास्तरांनी आधीच फाटकाच्या आतल्या कडीला हात घातला होता आणि आपल्या खर्जातल्या आवाजात हाक मारली, "आजी, पत्र! आणि आज माझी साहेबही बरोबर आहे, तेव्हा जास्त वेळ बसवून घेऊ नका!"

आतून उत्तर आलं, "तिलाच आधी आत घे. तू काय, रोजचाच आहेस."